भिंतीत पाणी आहे

कानकाकांना ऐकू कमी येतं ही अफवा पहिल्यांदा त्यांच्या बायकोनं उठवली, आणि घरातूनच उठलेली असल्यामुळे गल्लीनं ती विनातक्रार खरी मानली. काकांचं म्हणणं असं, की आपले कान ठणठणीत आहेत, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. पूर्वी माणसं कशी खणखणीत बोलायची. आता टीव्हीवरचा बातम्या देणारासुद्धा घशाखालून बोलतो, आणि त्याचा आवाज वाढवावा तर शेजारचे भिंत ठोकतात. ते भिंत ठोकणं काकांना अगदी नीट कळायचं, कारण त्यांच्या खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली असे. ज्याला ठोकलेलं कळतं तो बहिरा कसा, असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

दुसऱ्या कुणाचे कान असते तर हा विषय हसण्यावारी गेला असता. पण काका एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या गळती विभागात होते, आणि तिथं त्यांची सगळी अब्रू कानांवरच उभी होती. जमिनीखाली नळ कुठे फुटलाय हे शोधायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, एक लोखंडी सळई होती. ती रस्त्यावर टेकवायची, वरचं टोक कानामागच्या हाडाला घट्ट लावायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. फुटलेला नळ जमिनीत घुमतो. कुठे घुमतो ते काका वीतभर अंतराच्या आत सांगत, खडूनं फुली मारत, आणि मजूर दुसरं काही न विचारता तिथंच कुदळ घालत. म्हणून खात्यात त्यांना कानकाका हे नाव पडलं. निवृत्तीच्या समारंभात मोठ्या साहेबांनी ‘असे कान पुन्हा होणे नाही’ असं म्हटलं होतं. काकांना ते भाषण चालू असताना कळलं नव्हतं, साहेब फार हळू बोलले, पण नंतर कुणीतरी सांगितलं.

तर अशा कानांवर गल्लीचे उपचार सुरू झाले. समोरच्या शिंप्यानं कोमट तेल सुचवलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी रोज सकाळी कान धरून वीस वेळा ओढायला सांगितलं. त्यांचा या उपायाचा अनुभव दांडगा होता, फक्त तो दुसऱ्यांच्या कानांवरचा होता. शेजारच्या विमा एजंटचं मत पडलं, की आधी पॉलिसी काढा आणि मग तपासून घ्या. सल्ल्यांचं काकांना काही वाटलं नसतं, पण प्रत्येक जण तो सल्ला एकेक शब्द सुटा करून, हातवारे करत, परदेशी पाहुण्याला सांगावा तसा सांगे. काकांना ते झोंबायचं.

शेवटी त्यांनी शहरातल्या कानाच्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि आपण एकटे जाणार असं जाहीर केलं. काकूंना बरोबर न्यायचं नाही याचं उघड कारण असं, की डॉक्टरांनी नाव विचारलं तरी उत्तर तीच देईल. आतलं कारण वेगळं होतं. ऐकणं गेलंय असं जर डॉक्टर म्हणाले, तर ते नेमकं कधीपासून गेलंय हा प्रश्न येणार होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मारलेल्या फुल्या मग कशाच्या? मजुरांचं नशीब चांगलं होतं, एवढंच? तो निकाल चार माणसांत ऐकायची काकांची तयारी नव्हती.

हॉटेल विमा एजंटनं फोनवरून ठरवून दिलं. जाहिरातीत ‘शांत, निवांत, अगदी घरच्यासारखं’ असं लिहिलं होतं आणि खाली एका हिरव्यागार बागेचा फोटो होता. काका दुपारी बाराला तिथं पोचले तेव्हा त्यांना कळलं, की फोटो खोटा नाही. फोटोत बाग होती आणि हॉटेलात त्या बागेचा फोटो होता, काउंटरच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत. बाकी हिरवं म्हणाल तर मॅनेजरचा टाय.

दुसऱ्या मजल्यावरची दोनशे सात नंबरची खोली मिळाली. तिची खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती, आणि त्या भिंतीला एक बंद खिडकी होती. सपाता दोन होत्या, पण दोन्ही डाव्या पायाच्या. चहाची किटली होती, तिची वायर बटणापर्यंत पोचत नव्हती. किटली बटणाजवळ न्यावी तर ठेवायला जागा फक्त उशीवर. टॉवेल रुमालापेक्षा मोठा होता एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता आलं असतं. गरम पाण्याचं बटण खोलीच्या बाहेर, जिन्याजवळ होतं आणि ते येताजाता कुणीही लावी किंवा बंद करी.

काकांनी यातल्या एकाही गोष्टीची तक्रार केली नाही. ज्या माणसानं एकतीस वर्षं तक्रारी घेतल्या, त्याला तक्रार करणाऱ्याची जात पुरती ठाऊक असते आणि आपण त्या जातीत जाऊ नये असं वाटतं. ते दोन्ही डाव्या सपाता घालून पलंगावर बसले, घरून आणलेला डबा खाल्ला आणि जरा आडवे झाले. डोकं पलंगाच्या लाकडी पाटीला टेकलं मात्र, त्यांना आवाज ऐकू आला.

घुमारा होता. बारीक, सलग, मधेच किंचित दाटणारा. एकतीस वर्षांत हजारदा ऐकलेला. काका ताडकन उठून बसले तर आवाज बंद. पुन्हा आडवे झाले, आवाज सुरू. पाच वर्षांनी जुना मित्र रस्त्यात भेटावा तसं त्यांना झालं, आणि ते त्याच आनंदात खाली जाऊन मॅनेजरला म्हणाले, “भिंतीत पाणी आहे.”

मॅनेजर पस्तिशीचा, सभ्य आणि थकलेला माणूस होता. तो वर आला, खोलीच्या मधोमध उभा राहिला, श्वास रोखून ऐकू लागला. त्याला काही ऐकू आलं नाही. त्यानं सफाईच्या बाईंना बोलावलं, त्यांनाही आलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, की महिनाभर चादरी ठेवायच्या खोलीला कुबट वास येतोय, मी सांगतेय पण माझं ऐकतो कोण. या वाक्यामुळे काकांना त्या बाईंबद्दल एकदम आपुलकी वाटली. मॅनेजरनं मात्र ते वाक्य ऐकलं नाही आणि वाद नको म्हणून खोली बदलून दिली.

दोनशे नऊमध्ये काकांनी बॅग ठेवायच्या आधी डोकं पाटीला टेकवलं. आवाज होता. मॅनेजरनं त्यांना तिसऱ्या मजल्यावर, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथंही आवाज होता, थोडा मंद. तेव्हा मॅनेजर पलंगाच्या कडेवर त्यांच्या शेजारी बसला आणि आपल्या वडिलांशी बोलावं तितक्या मऊपणे, पण चांगलं मोठ्यानं म्हणाला, “काका, तीन खोल्या झाल्या. आवाज तुमच्याबरोबर येतोय.”

काकांना समोरचा शिंपी आठवला. कान जाताना आत आवाज करू लागतात असं शिंपी सांगत होता. त्याच्या मामाला म्हणे कायम शिट्टी ऐकू यायची आणि पुढे शिट्टीही बंद झाली. म्हणजे उद्या अकरा वाजता डॉक्टर जे सांगणार ते आजच, एका टायवाल्यानं सांगून टाकलं होतं. एवढ्यात काकूंचा फोन आला. फोनवर काकांची तीन उत्तरं ठरलेली होती: ‘हो’, ‘बघू’ आणि ‘तू म्हणशील तसं’. पलीकडून काय येतंय याचा अंदाज घेऊन ती ते आळीपाळीनं वापरत आणि पाच वर्षांत फारसे तोंडघशी पडले नव्हते. आज लक्ष ठिकाणावर नसल्यामुळे त्यांनी तीनही एकदमच देऊन टाकली आणि फोन ठेवला.

पण एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. आवाज डोक्यातला असेल तर डोकं पाटीला टेकलं काय आणि न टेकलं काय, सारखाच यायला हवा. काकांनी बॅगेतून छत्री काढली. जुनी, लाकडी मुठीची, लांब दांड्याची छत्री. तिचं टोक त्यांनी भिंतीला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला दाबली आणि डोळे मिटले.

पुढचा तासभर हॉटेलातल्या लोकांनी एक वयस्कर गृहस्थ पाहिले, जे छत्री भिंतीला लावून, डोळे मिटून, दोन डाव्या सपातांवर पावलापावलानं जिना उतरत होते. एका जोडप्यानं त्यांना वाट करून दिली. एका पाहुण्यानं काउंटरवर विचारलं की इथे भिंतींचा काही त्रास आहे का. काउंटरवरची मुलगी हसू दाबायला रजिस्टरात डोकं खुपसून बसली. काकांना यातलं काहीच कळलं नाही. आवाज दर पायरीला वाढत होता आणि ते त्याच्यामागून चालले होते. तो तळमजल्यावर, बागेच्या फोटोपाशी, कमरेच्या उंचीवर सगळ्यात मोठा झाला. काकांनी काउंटरवरचं पेन घेऊन बागेतल्या एका झाडाच्या बुंध्यावर फुली मारली.

“इथे,” ते म्हणाले.

मॅनेजरनं डोक्याला हात लावला. तो फोटो मालकांच्या पसंतीचा होता आणि भिंतीचा रंग मागच्याच महिन्यात दिलेला. खरं तर प्रकरण तिथंच मिटायचं, पण सफाईच्या बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, की चादरींची खोली याच भिंतीच्या पलीकडे आहे. मग कुबट वास, काकांची फुली आणि बाईंचा महिन्याभराचा राग यांचा एकत्रित विचार करून मॅनेजरनं प्लंबरला बोलावलं. प्लंबर आला, त्यानं भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कोरडी आहे असा निर्वाळा दिला. काकांनी त्याला विचारलं की बोटानं कधी पाणी सापडलंय का. प्लंबरनं विचारलं की छत्रीनं सापडतं का. यानंतर मागं फिरणं दोघांनाही शक्य नव्हतं.

फोटो कोपऱ्यापासून सोलला गेला आणि छिन्नी बसली. काका पाठीमागे हात बांधून उभे होते, खात्यात उभे राहायचे तसेच. विटेचा पहिला थर निघाला, तो कोरडा. दुसरा निघाला, तोही कोरडा. प्लंबर दर घावाला मान वळवून काकांकडे बघू लागला. पाहुणे जमले होते. आपण डोंगर पोखरून उंदीरसुद्धा काढणार नाही असं काकांना वाटू लागलं. ते म्हणाले, जरा खाली घ्या. प्लंबर म्हणाला, फुली इथे आहे, मी फुलीवरच मारणार. आणि त्यानं रागाच्या भरात एक घाव असा घातला, की भिंतीतून मनगटाएवढी धार सुटली आणि थेट मॅनेजरच्या टायवर पडली.

पुढची दहा मिनिटं कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, त्यामुळे त्या काळापुरते काका सगळ्यांच्या बरोबरीचे होते. मुख्य नळ सापडेपर्यंत काउंटरपुढे घोट्याएवढं पाणी झालं. तो बंद केल्यावर सगळ्या हॉटेलचं पाणी गेलं आणि साबणाच्या फेसातले दोन पाहुणे जिन्यात येऊन चौकशी करू लागले. मॅनेजर म्हणाला की प्लंबरनं चांगला नळ फोडला. प्लंबर म्हणाला की फुली मी मारली नव्हती. काका त्या भगदाडाकडे बघत उभे राहिले. पाणी निघालं होतं खरं, पण ते गळतीचं की छिन्नीचं, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. पुरावा मिळाला आणि त्याच घावात वाहून गेला. त्या संध्याकाळी त्यांच्याशी कुणी बोललं नाही, आणि बोललं असतं तरी फरक पडला नसता अशी शंका त्यांना स्वतःलाच यायला लागली होती.

सकाळी एका बाटलीभर पाण्यात तोंड धुऊन, बिनआंघोळीचे काका दवाखान्यात पोचले तर बाकावर काकू बसलेल्या. मांडीवर पिशवी, हातात नंबराचा कागद. काल फोनवर त्यांनी विचारलं होतं, मी येऊ का, आणि काकांनी हो, बघू, तू म्हणशील तसं असं तीन प्रकारांनी सांगितलं होतं. काकांनी कपाळाला आठी घातली, पण खरं सांगायचं तर त्यांना आतून बरं वाटलं.

तपासणीसाठी त्यांना एका छोट्याशा बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. काका अंगठा तयार ठेवून बसले. बराच वेळ गेला तरी काही सुरूच होईना, म्हणून त्यांनी काचेबाहेर बघून खूण केली की चालू करा. बाहेरच्या डॉक्टरबाईंनी चालू करून बराच वेळ झाला होता. त्यांनी फक्त मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काकांनी बटण मांडीवर ठेवून दिलं.

मग बाई आत आल्या, त्यांनी ते यंत्र उतरवलं आणि दुसरंच एक लहानसं बटणासारखं काहीतरी कानामागच्या हाडावर बसवून दाबायचं बटण पुन्हा हातात दिलं. काकांचा अंगठा दचकून उडाला. ते दाबतच सुटले. बाईंनी आवाज कमी केला, आणखी कमी केला, काका दाबतच होते. शेवटी बाईंनीच यंत्र नीट आहे ना हे स्वतःच्या हाडाला लावून पाहिलं, तर त्यांना काही ऐकू आलं नाही.

त्यांनी दोघांना समोर बसवून समजावलं. कानाच्या आतली नस उत्तम आहे. तिच्यापर्यंत आवाज नेणारं एक इवलंसं हाड, तांदळाच्या दाण्याएवढं, ते ताठलंय. हवेतून आलेला आवाज त्या दारात अडतो. हाडातून आलेला मागच्या दारानं आत जातो आणि तो तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ऐकू येतो.

“कधीपासून?” काकांनी विचारलं.

“आठ-दहा वर्षं तरी झाली असतील.”

काका बोटं मोजू लागले. पाच वर्षं निवृत्तीची. म्हणजे नोकरीची शेवटची तीन, नाहीतर पाचही वर्षं ते या असल्याच कानांनी काढली होती आणि सळई हाडाला लावत असल्यामुळे त्यांना पत्ताही लागला नव्हता. मग ते कुणाकडेही न बघता म्हणाले, “म्हणजे फुल्या खऱ्या होत्या.”

डॉक्टरबाईंना काही उलगडा झाला नाही. काकूंना झाला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि डॉक्टरांना ऐकायच्या यंत्राबद्दल विचारायला सुरुवात केली. आठवडाभर वापरून बघायला एक यंत्र मिळालं, कानामागे अडकवायचं.

बॅग आणायला दोघं हॉटेलवर गेले. मॅनेजर जणू वाटच बघत होता. काउंटरवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला हातभर नळाचा तुकडा होता आणि शेजारी प्लंबर उभा होता. सफाईच्या बाईही होत्या, कमरेवर हात ठेवून. प्लंबरनं कागद उलगडला आणि एका चकचकीत भोकावर बोट ठेवून म्हणाला, “हे माझं.” मग चार बोटं खाली, गंजानं काळ्या पडलेल्या, मसुरीएवढ्या भोकावर बोट नेलं आणि म्हणाला, “हे माझं नाही.”

काकांनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. मॅनेजरनं माफी मागितली आणि आग्रह केला की आणखी एक दिवस राहा, आमच्याकडून. काकूंनी काकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत डोकावून पाहिलं, पलंगाजवळच्या सपाता पाहिल्या आणि आम्हाला घर आहे असं सांगून बॅग उचलली. निघताना सफाईच्या बाईंनी काकांना नमस्कार केला. महिनाभरात त्यांचं म्हणणं खरं ठरवणारा तो पहिला माणूस होता.

रस्त्यावर आल्यावर नव्या यंत्रानं काकांचा जीव नकोसा केला. गाड्या, कर्णे, कुठलं तरी शटर, स्वतःच्याच बुटांची करकर. इतकी वर्षं आपण करकरत चाललो आणि कुणी सांगितलं नाही याचा त्यांना राग आला. सांगितलं असेलही, हे मग लक्षात आलं. काकू नेहमीच्या पट्टीत ओरडून म्हणाल्या की बस कुठून सुटते ते ठाऊक आहे ना, आणि काका जागच्या जागी दचकले.

काकूंना या काही वर्षांत एक सवय जडली होती. सांगायचं ते त्या मोठ्यानं सांगत आणि मनातलं मनाशीच, पण तोंडानं, पुटपुटत. यांना ऐकू जात नाही म्हटल्यावर त्यात धोका नव्हता. आताही त्या पिशवी सावरत, समोर बघत, अगदी हळू म्हणाल्या, “मला आपलं वाटायचं, यांना माझं बोलणंच नकोसं झालंय.”

काका थांबले. माणसं त्यांना वळसा घालून जाऊ लागली.

“नकोसं नव्हतं गं झालं,” ते म्हणाले. “पोचत नव्हतं. टाकीतून सुटत होतं, नळाला येत नव्हतं.”

काकूंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी, जणू यंत्राचीच परीक्षा घ्यावी तशा, आणखी खालच्या आवाजात विचारलं, “मग आता काय, सगळं पहिल्यापासून सांगू?”

“सांग,” काका म्हणाले. “फक्त ओरडू नकोस.”

बसला अजून तास होता. काकूंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, घसा साफ केला आणि आठ वर्षांपूर्वीच्या एका सकाळपासून सुरुवात केली.